वेगवान टेक कंपनीतील मुलाखत आणि नोकरी : घरातून पहिल्यांदाच या वाटेने जाणाऱ्यांसाठी

पुण्यात हिंजवडी, खराडी, मगरपट्टा या भागांत सकाळी कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग लागते. त्या बसमधून उतरणारे इंजिनिअर आणि त्याच इमारतींत साफसफाई, सुरक्षा, कँटीन सांभाळणारे कामगार काही वेळा एकाच वस्तीतून, कधी कधी तर एकाच घरातून आलेले असतात. आईने पंधरा वर्षे ज्या इमारतीच्या फरशा पुसल्या, तशाच इमारतीत मुलगी मुलाखतीला जाते. आईला त्या इमारतीचा प्रत्येक मजला माहीत असतो, पण त्या बंद खोलीत मुलाखत घेणारे नेमके काय विचारतात हे ती सांगू शकत नाही.

आम्ही गेली काही वर्षे अशा मुलामुलींबरोबर शिक्षण आणि रोजगाराच्या प्रश्नावर काम करत आहोत. बीई, बीसीएस, एमसीए, डिप्लोमा झालेली ही मुले कोड लिहू शकतात, त्यांच्या गुणपत्रिका चांगल्या असतात. तरी मुलाखतीत अडकतात. काय झाले असे विचारले की उत्तर येते, "माहीत नाही, परत फोनच आला नाही." ज्या घरात काका, मावशी किंवा मोठा भाऊ आयटीत आहे तिथे या मुलाखतीची रीत जेवता जेवता कळते. ज्या घरात असे कोणी नाही तिथे प्रत्येक नकार हा आपल्या बुद्धीवरचा निकाल वाटतो, आणि तीन-चार नकारांनंतर मुलगा मिळेल ते काम धरतो.

आमचे म्हणणे सरळ आहे. ही मुलाखत म्हणजे एका ठराविक पद्धतीची परीक्षा आहे आणि ती पद्धत शिकता येते. तिच्यात अन्यायाचाही भाग असतो. तो कोणता हे ओळखता आले पाहिजे, म्हणजे त्याचा दोष आपण स्वतःच्या माथी मारून घेत नाही. या दोन्ही गोष्टींची माहिती एका ठिकाणी मिळावी म्हणून हा लेख.

'वेगवान' म्हणजे नेमके काय?

सगळ्या आयटी कंपन्या सारख्या नसतात. टीसीएस, इन्फोसिस, विप्रो यांसारख्या सेवा कंपन्या दुसऱ्या कंपन्यांसाठी काम करतात. त्या नवीन पदवीधरांची मोठ्या संख्येने भरती करतात आणि बहुधा स्वतः प्रशिक्षणही देतात. दुसरा प्रकार उत्पादन कंपन्यांचा. त्या स्वतःचे सॉफ्टवेअर किंवा अॅप बनवतात. तिसरा प्रकार परदेशी बँका आणि उद्योगांच्या भारतातील तांत्रिक केंद्रांचा, आणि चौथा नव्याने उभ्या राहणाऱ्या स्टार्टअपचा. 'आमच्याकडे कामाचा वेग फार असतो' हे वाक्य जाहिरातीत दिसते ते मुख्यतः दुसऱ्या आणि चौथ्या प्रकारात.

या वेगाला इतिहास आहे. पूर्वी सॉफ्टवेअर बनवताना वर्षभराची योजना करून शेवटी एकदाच ते ग्राहकाच्या हाती देत. २००१ मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यात सतरा सॉफ्टवेअर तज्ज्ञ एकत्र आले आणि त्यांनी 'अॅजाइल' नावाचा जाहीरनामा मांडला. थोडे बनवा, लवकर दाखवा, चुका लवकर दुरुस्त करा, असा त्याचा सारांश. आज बहुतेक टीम दोन आठवड्यांचा टप्पा आखून काम करतात. त्याला 'स्प्रिंट' म्हणतात. फेसबुकचे तर जुने घोषवाक्यच असे होते की वेगाने चला, मोडतोड झाली तरी चालेल. २०१४ मध्ये त्यांनी ते बदलले आणि वेगाबरोबर पक्क्या पायाची भाषा सुरू केली. मोडलेले नंतर जोडत बसण्यात वेग जातो, हे त्यांनाही कळले होते.

उमेदवारासाठी याचा अर्थ एवढाच, की अशा कंपनीला सगळे आधीच येणारा माणूस नको असतो. अर्धवट माहितीवर काम सुरू करणारा, अडला तर लगेच विचारणारा आणि चूक झाली तर लपवून न ठेवणारा माणूस हवा असतो. मुलाखतीतील बहुतेक प्रश्न हेच तपासण्यासाठी असतात.

निवडीचे टप्पे

*बायोडेटा.* बायोडेटा एका पानाचा असावा. वडिलांचे नाव, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, जन्मगाव यांपैकी काहीही लिहू नका. टेक कंपनीला अर्जात या माहितीची गरज नसते. शेवटचे 'वरील माहिती खरी आहे' असे प्रतिज्ञापत्रही नको. त्याऐवजी तुम्ही केलेले दोन-तीन प्रकल्प लिहा : कोणती अडचण होती, तुम्ही काय बनवले, ते कोणी वापरले. कोड गिटहबवर ठेवून त्याची लिंक द्या. जे लिहाल त्यातल्या प्रत्येक शब्दावर प्रश्न येऊ शकतो, म्हणून न येणारी भाषा केवळ यादी वाढवायला लिहू नका.

*ऑनलाइन चाचणी.* साधारण एक ते दोन तासांत काही प्रोग्रॅम लिहायचे असतात. बऱ्याचदा कॅमेरा चालू ठेवावा लागतो आणि मागे कोणी दिसले किंवा बोलले तर संशय घेतला जातो. एका खोलीत पाच माणसांच्या घरात ही अट किती जड आहे हे ती घालणाऱ्यांच्या ध्यानातही येत नाही. त्यामुळे जागेची तयारी आधी करा. महाविद्यालयाची प्रयोगशाळा, मित्राचे घर, अभ्यासिकेतील वेगळी खोली, जे मिळेल ते. वीज आणि नेट गेले तर मोबाईलचे हॉटस्पॉट तयार ठेवा. तरी अडचण आली तर त्याच क्षणी भरती करणाऱ्या व्यक्तीला ईमेल करा. वेळ बदलून मागण्यात कमीपणा नाही.

*तांत्रिक फेऱ्या.* बहुधा दोन ते चार असतात. समोरचा इंजिनिअर एखादा प्रश्न देतो आणि तुम्ही त्याच्यासमोर कोड लिहिता.

*रचनेची फेरी.* एखादी मोठी व्यवस्था कशी बांधाल, असा हा प्रश्न असतो. नवख्यांना तो कमी विचारतात, अनुभवी लोकांना हमखास.

*वर्तनाची फेरी.* पूर्वी तुम्ही एखाद्या प्रसंगात कसे वागलात, हे इथे विचारतात.

*एचआर फेरी.* पगार, रुजू होण्याची तारीख, कामाचे ठिकाण आणि 'घरी कोण कोण आहे?' हा प्रश्न. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे.

कोड लिहिताना समोरचा काय पाहतो?

आमच्याकडे येणाऱ्या मुलांची सर्वांत मोठी चूक म्हणजे गप्प राहणे. वर्गात प्रश्न विचारला तर फळ्यावर उत्तर लिहून खाली बसायचे, ही सवय शाळेपासूनची. इथे उलटे असते. समोरच्याला तुमचा विचार ऐकायचा असतो.

नेहमीचे एक उदाहरण घेऊ. 'एका यादीत काही संख्या दिल्या आहेत. ज्या दोन संख्यांची बेरीज दिलेल्या संख्येएवढी होते, त्या शोधा.' चांगला उमेदवार आधी प्रश्न विचारतो. संख्या ऋण असू शकतात का? एकच संख्या दोनदा येऊ शकते का? अशी जोडी नसेलच तर काय परत द्यायचे? मग साधा मार्ग सांगतो : प्रत्येक जोडी तपासू. लगेच त्याची मर्यादाही सांगतो, की यादीत हजार संख्या असतील तर जवळपास पाच लाख जोड्या होतील. त्यानंतर सुधारणा : यादी एकदाच वाचू, पाहिलेली प्रत्येक संख्या हॅशमॅपमध्ये नोंदवू आणि पुढच्या संख्येला हवी असलेली जोडीदार संख्या आधीच नोंदलेली आहे का ते बघू. आता काम साधारण हजार पायऱ्यांत होते. शेवटी तो एक लहान उदाहरण घेऊन स्वतःचा कोड हाताने तपासतो.

यात अवघड गणित नाही. विचारा, साधे सांगा, सुधारा, तपासा, हा क्रम आहे. तो तोंडी बोलण्याचा सराव करावा लागतो. आम्ही मुलांना जोडीने बसवतो. एकाने बोलत बोलत सोडवायचे आणि दुसऱ्याने फक्त 'का?' विचारायचे. सुरुवातीला सगळी लाजतात, दोन आठवड्यांत सरावतात.

रचनेच्या फेरीतही असेच असते. समजा विचारले, 'एसटीच्या आरक्षणाची व्यवस्था कशी बांधाल?' तर डेटाबेसचे नाव सांगण्याआधी खरी अडचण ओळखा. दिवाळीत एकाच वेळी हजारो लोक आले तर? एकाच आसनावर दोघांनी एकाच क्षणी बोट ठेवले तर तिकीट कोणाला? पैसे कापले गेले आणि तिकीट निघाले नाही तर? ज्याने स्वारगेटला रांगेत उभे राहून तिकीट काढले आहे त्याला हे प्रश्न पुस्तकाआधीच माहीत असतात.

इंग्रजीची भीती हा वेगळा विषय आहे. बहुतेक मुलाखती इंग्रजीत होतात हे खरे. पण पुस्तकी इंग्रजी लागत नाही, छोटी आणि स्पष्ट वाक्ये पुरतात. प्रश्न समजला नाही तर तो पुन्हा विचारा. आपल्या शब्दांत उलट सांगून 'मला असे समजले, बरोबर आहे का?' असे विचारले तर ते चांगलेच धरले जाते. एआयची साधने मुलाखतीत वापरायची परवानगी आहे का, हेही आधी विचारून घ्या. चोरून वापरल्याचे लक्षात आले तर तिथेच संपते.

'आम्ही' आणि 'मी'

वर्तनाच्या फेरीत प्रसंग विचारतात. मतभेद झाला तेव्हा काय केले? अपयश आले तेव्हा? वेळ कमी होता तेव्हा? अॅमेझॉन कंपनीने यासाठी सोळा तत्त्वांची यादीच जाहीर केली आहे आणि तिथले प्रश्न त्या तत्त्वांना धरून असतात. तिथे त्या टीमबाहेरचा एक अनुभवी परीक्षकही मुलाखतीत असतो, म्हणजे 'जागा लवकर भरा' या घाईत निवड होऊ नये.

उत्तर देण्याची सर्वमान्य रीत चार पायऱ्यांची आहे : प्रसंग काय होता, तुमच्यावर जबाबदारी कोणती होती, तुम्ही काय केले, परिणाम काय झाला. दोन-तीन मिनिटांत संपवायचे.

इथे आमच्या मुलांची एक गंमत होते. ती सतत 'आम्ही' म्हणतात. आम्ही जयंतीचा कार्यक्रम केला, आम्ही अभ्यासिका चालवली, आम्ही प्रकल्प केला. वस्तीत एकट्याने काही होत नाही, त्यामुळे ही भाषा खरी आहे आणि चांगलीही आहे. हा लेखसुद्धा आम्ही 'आम्ही'तच लिहीत आहोत. पण मुलाखत घेणाऱ्याला तुमचा वाटा कळला पाहिजे. 'अभ्यासिकेतील पुस्तकांची नोंद वहीत होती, पुस्तके हरवायची. पाच जणांनी मिळून ती संगणकावर घ्यायचे ठरवले. त्यातला शोध आणि नोंदणीचा भाग मी लिहिला. पहिल्यांदा एकाच पुस्तकाची दोनदा नोंद होत होती, ती चूक मला सापडली. आता पुस्तक कोणाकडे आहे हे लगेच कळते.' यात टीमही आली आणि तुम्हीही आलात. याला बढाई म्हणत नाहीत.

अनुभव नाही असे म्हणू नका. शिकता शिकता दुकानात हिशेब सांभाळला असेल, लहान भावंडांची शिकवणी घेतली असेल, शिष्यवृत्तीचा अडकलेला अर्ज समाजकल्याण कार्यालयात खेटे घालून सोडवला असेल, तर तो अनुभवच आहे.

'तुमच्या घरी कोण काय करतं?'

हा प्रश्न निरुपद्रवी वाटतो. समाजशास्त्रज्ञांनी तो तपासला आहे. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातील मोठ्या कंपन्यांच्या भरती अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो, असे हे अधिकारी सांगत होते. त्याच वेळी उमेदवाराची 'कौटुंबिक पार्श्वभूमी' महत्त्वाची आहे, असेही सांगत होते. आईवडील काय करतात, शिकलेले आहेत का, कुठले आहेत, यावरून माणूस कसा असेल ते कळते, असा त्यांचा समज होता. त्याच वर्षी करोल उपाध्य यांनी बेंगळुरूच्या आयटी उद्योगावर लिहिताना दाखवले, की गुणवत्तेच्या नावाखाली शहरी, उच्चजातीय मध्यमवर्गीय घरांतील बोलण्या-वागण्याची रीतही मोजली जाते.

२००७ मध्येच सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा अभ्यास आला. त्यांनी खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावात ठेवला. उच्चजातीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या उमेदवाराला पुढचे बोलावणे येण्याच्या शक्यतेचे प्रमाण सुमारे दोन-तृतीयांश, तर मुस्लिम नावाच्या उमेदवाराचे सुमारे एक-तृतीयांश निघाले.

चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीत असाच प्रयोग केला आणि २००९ मध्ये प्रसिद्ध केला. कॉल सेंटरच्या नोकऱ्यांत त्यांना नावानुसार फरक दिसला, पण सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत बोलावणे येण्याच्या टप्प्यावर जातीनुसार ठळक फरक दिसला नाही. आम्ही यातून असा अर्थ घेतो की जिथे कौशल्य थेट मोजता येते तिथे नावाचे वजन कमी होते, आणि जिथे बोलणे, वागणे, 'आपल्यातला वाटणे' यावर निवड होते तिथे ते वाढते. म्हणून तांत्रिक तयारी पक्की करणे ही आपली पहिली बाजू आहे.

मग या प्रश्नाला उत्तर काय द्यायचे? खोटे सांगू नका, लाजूही नका. 'वडील रिक्षा चालवतात, आई हाऊसकीपिंगमध्ये आहे. घरातली पहिली पदवीधर मी. त्यामुळे स्वतः माहिती शोधून शिकायची सवय लागली.' दोन-तीन वाक्ये, आणि पुन्हा कामाच्या विषयावर. जात किंवा आडनावाचा उगम विचारला तर सांगायचे की नाही हे तुम्ही ठरवा. 'याचा या कामाशी संबंध कळला तर सांगायला सोपे जाईल,' असे नम्रपणे म्हणता येते. मुलींना लग्न आणि मुलांबद्दल विचारले जाते तेव्हाही हेच वाक्य उपयोगी पडते. असे प्रश्न आले तर तारीख, फेरी आणि प्रश्न लगेच लिहून ठेवा.

चांगली मुलाखत कशी ओळखावी?

मुलाखतीचे दोन प्रकार आहेत. एकात सर्व उमेदवारांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारतात आणि आधी ठरवलेल्या निकषांवर गुण देतात. दुसऱ्यात गप्पा मारून मत बनवतात. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये निवड पद्धतींवरील ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. माणूस पुढे काम कसे करेल याचा अंदाज पहिल्या, रचनाबद्ध पद्धतीत जास्त बरोबर येतो, असे त्यात दिसले. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी आकडे नव्याने तपासले, तेव्हाही रचनाबद्ध मुलाखतच सर्वांत वर राहिली. गुगलमध्ये एके काळी 'विमानात गोल्फचे चेंडू किती मावतील?' अशा छापाची कोडी विचारत. २०१३ मध्ये त्यांचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लास्लो बॉक यांनी ही कोडी म्हणजे वेळेचा अपव्यय असल्याचे जाहीरपणे सांगितले.

याचा उपयोग काय? गप्पांच्या मुलाखतीत नापास झालात तर तो तुमच्या कामाविषयीचा भक्कम पुरावा नसतो. रचनाबद्ध मुलाखतीत अडलात तर मात्र कुठे अडलात ते लिहा आणि त्यावर काम करा. आणि मुलाखतीच्या शेवटी 'तुमचे काही प्रश्न?' असे विचारले की गप्प बसू नका. नव्या माणसाला पहिल्या महिन्यात कोण मदत करते? रात्री-अपरात्री कामाची पाळी असते का? मूल्यमापन कोण आणि कशावर करते? उत्तरे ऐकून कंपनी कळते.

ऑफर लेटर वाचताना

सीटीसी म्हणजे हातात येणारा पगार नव्हे. त्यात कंपनीने भरायचा भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, विमा आणि कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कमही धरलेली असते. ग्रॅच्युइटी ठराविक काळ सेवा झाल्यावरच मिळते. म्हणून स्पष्ट विचारा : दरमहा खात्यात किती येतील? कंपनीचे शेअर देऊ केले असतील तर ते सहसा चार वर्षांत हळूहळू मिळतात आणि पहिल्या वर्षात नोकरी सोडली तर बहुधा काहीच मिळत नाही.

नोटीसचा काळ एक महिन्याचा आहे की तीन महिन्यांचा, हे पाहा. करारात बाँड असेल तर किती वर्षांचा आणि किती रकमेचा, हे सही करण्याआधी जाणकाराला दाखवा. मूळ प्रमाणपत्रे कोणाकडेही ठेवू नका, तपासणीसाठी दाखवा आणि परत घ्या. आणि नोकरीसाठी, प्रशिक्षणासाठी, लॅपटॉपच्या अनामतीसाठी कोणी पैसे मागत असेल तर ती फसवणूक समजा. आमच्याकडे दागिने गहाण ठेवून असे पैसे भरलेली कुटुंबे आली आहेत.

रुजू झाल्यावर

सकाळी पंधरा मिनिटांची बैठक होते : काल काय केले, आज काय करणार, कुठे अडले. 'अडले आहे' हे तिथे सांगणे अपेक्षितच असते. आपली मुले ते लपवतात. आपण इथे कसेबसे आलो आहोत, अडलो तर नालायक ठरू, ही भीती असते. दोन दिवस एकट्याने झगडण्यापेक्षा दोन तास प्रयत्न करा आणि मग 'हे करून पाहिले, ते करून पाहिले, इथे अडलो' असे लिहून मदत मागा.

तुमचा कोड दुसरे वाचतात आणि त्यावर टिप्पण्या लिहितात. पहिल्यांदा तीस टिप्पण्या पाहून रडू येते. पण ज्येष्ठांच्या कोडवरही टिप्पण्या येतात. त्या कोडवरच्या असतात, तुमच्यावरच्या नव्हे. तुम्ही केलेल्या कामाची नोंद मात्र दर आठवड्याला स्वतःकडे ठेवा. मूल्यमापनाच्या वेळी तीच उपयोगी पडते.

वेगवान कंपनी वेगाने भरती करते आणि वेगाने कमीही करते. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटाने ११ हजार, जानेवारी २०२३ मध्ये गुगलच्या मूळ कंपनीने १२ हजार नोकऱ्या कमी करण्याची घोषणा केली. पहिल्या पगारावर घराचे हप्ते सुरू करण्याआधी सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवा. अख्खे घर एका पगारावर उभे असते तेव्हा हे अवघड असते, म्हणूनच ते आधी करायचे.

हक्कही माहीत हवेत. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समिती बंधनकारक आहे. तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत करायची असते. पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी मातृत्व रजा २०१७ पासून कायद्यात आहे.

जातीचा प्रश्न कंपनीच्या दाराबाहेर राहत नाही, हे सिस्को प्रकरणाने जगाला दिसले. जून २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या राज्य विभागाने या कंपनीवर आणि तिच्या दोन अभियंत्यांवर दावा केला. एका दलित अभियंत्याने आयआयटीत आरक्षणातून प्रवेश घेतला असे वरिष्ठाने सहकाऱ्यांना सांगितले आणि तक्रारीनंतर त्याला डावलले गेले, असा आरोप होता. कंपनीने आरोप नाकारले. २०२३ मध्ये दोन अभियंत्यांविरुद्धचा दावा विभागाने मागे घेतला, कंपनीविरुद्धचा तेव्हा कायम ठेवला. त्याच वर्षी फेब्रुवारीत सिएटल हे जातिभेदावर बंदी घालणारे अमेरिकेतील पहिले शहर ठरले. ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी मात्र तशाच आशयाचे विधेयक नाकारले. अॅपलने आपल्या अंतर्गत नियमांत 'जात' हा शब्द स्पष्टपणे घातला आहे. तुमच्या कंपनीच्या नियमांत तो आहे का, हे पाहा.

आपल्याकडे कँटीनमध्ये 'तुझी जेईईची रँक किती होती?' असे विचारले जाते, तेव्हा प्रश्न अनेकदा रँकचा नसतो. एक गोष्ट लक्षात ठेवा : खासगी कंपनीत आरक्षण नाही. त्या खुर्चीत तुम्ही त्यांच्याच परीक्षेतून, त्यांच्याच निकषांवर बसला आहात.

जे आत गेले आहेत त्यांना

शेवटची विनंती आत पोहोचलेल्यांना. अनेक कंपन्यांत कर्मचाऱ्याच्या शिफारशीने आलेला अर्ज आधी पाहिला जातो. ज्यांच्या ओळखी आहेत त्यांना हा फायदा आपोआप मिळतो. आपल्या मुलांना तो तुमच्याशिवाय कोणी देणार नाही. महिन्यातील एका रविवारी दोन तास काढा. एका मुलीची खोटी मुलाखत घ्या, खरी प्रतिक्रिया द्या, बायोडेटा दुरुस्त करून द्या. तुम्हाला पहिल्या नकारानंतर जे कोणी सांगितले नव्हते, ते तिला सांगा. पैशाची मदत लागते तिथे ती जरूर करा, पण इथे बहुतेकदा माहितीच कमी पडते, आणि ती तुमच्याकडे आहे.